घराला पायवाट पुरते, गाडीला नाही

(पत्र चार पानी होतं. नाव-गाव गाळून मथितार्थ देतो आहे.)

मुलुंडच्या एका वाचक ताई, वय 56. नवरा-बायको दोघंही निवृत्त, मुलगी ऐरोलीला नोकरीला. इमारत पुनर्विकासाला निघाली आहे आणि दिवाळीपर्यंत घर रिकामं करायचं आहे. बिल्डर 36 महिने, दरमहा 45 हजार भाडं देणार. मुरबाड तालुक्यात वडिलांची 66 गुंठे जमीन आहे. दोन भाऊ आणि या, म्हणजे वाट्याला 22 गुंठे. ते मागच्या बाजूला, चढावर आहेत. शेतघराला किमान एक एकर लागतं, त्यामुळे तो मार्ग बंद. यजमानांनी एक जुनी कॅम्पर गाडी (आतच झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली) पाहून ठेवली आहे, 16 लाखांना. त्यांचा हिशेब असा की 36 गुणिले 45 हजार म्हणजे 16 लाख 20 हजार, गाडी भाड्यातच फिटते. ती शेतावर लावायची आणि तीन वर्षं तिथेच राहायचं. अडचण ही की रस्ता आणि त्यांचा वाटा यांच्यामध्ये मोठ्या भावाचं भातखाचर येतं, आणि विषय निघाल्यापासून दादा नीट बोलत नाही. ताई विचारतात : चाकं असल्यामुळे परवानगी लागत नाही ना? दादाशी वाकडं न येता रस्ता कसा मागू? आणि आधी गाडी घेऊ की आधी जेसीबी बोलावू?

ताई,

यजमानांचा गुणाकार मी दोनदा तपासला, बरोबर आहे. फक्त त्या वहीत गाडी पहिल्या ओळीवर आहे आणि जमीन कुठेच नाही. वडिलांची आहे, फुकट आहे, म्हणून तिचा खर्च शून्य धरलाय.

गाडीला पाया लागत नाही, म्हणून जमिनीला काही करावं लागत नाही, असं आपण सगळेच धरून चालतो. पण तुमच्या वडिलांना तिथे खोपटं बांधायचं असतं, तर सिमेंटची पोती बांधावरून डोक्यावर नेता आली असती. घराला पायवाट पुरते. साडेतीन-चार टनांच्या गाडीला बारा फूट रुंद आणि पावसातही टणक राहील असा रस्ता लागतो. वळायला चाळीस-पंचेचाळीस फुटांची मोकळी जागा लागते. चढ दहा फुटांना एक फुटाहून जास्त झाला की गाडीचं मागचं लांब शेपूट जमिनीला घासतं. तुमचा वाटा चढावर आहे, हे तुम्हीच लिहिलंय.

काही वर्षांपूर्वी आम्ही सहा जण ऑगस्टमध्ये एका मित्राच्या कर्जतजवळच्या माळावर टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन गेलो होतो. गवत हिरवंगार, पायाखाली जमीन घट्ट. ड्रायव्हरने रस्ता सोडून गाडी गवतात घातली आणि पंधरा फुटांवर मागची चाकं निम्मी खाली गेली. आम्ही आधी दगड टाकले, मग गोणपाट, मग गाडीतली पायपुसणीसुद्धा. चाक जागच्या जागी फिरायचं आणि चिखल आमच्या शर्टावर यायचा. शेवटी वाडीतून ट्रॅक्टर आला. पैसे खिशात घालता घालता ट्रॅक्टरवाला एवढंच म्हणाला, "इथं पावसात आम्ही बैल पण नाय घालत."

ते वाक्य मला कुठल्याही इंजिनिअरच्या रिपोर्टाहून जास्त उपयोगी पडलंय. खाचराची माती पिढ्यान्‌पिढ्या चिखलणी करून मुद्दाम पाणी धरायला शिकवलेली असते. तिच्यावर मुरूम ओतलात तर पहिल्याच पावसाळ्यात मुरूम खाली जातो आणि चिखल वर येतो. म्हणून गाडी वरकस पट्ट्यातच लावायची, जिथे गवत वाढतं पण भात होत नाही, आणि पहार मारली की फूट-दीड फुटावर मुरूम लागतो. तुमचा चढावरचा वाटा, ज्याला भावांनी कदाचित कमअस्सल म्हणून मागे ठेवलं असेल, तो या कामाला मात्र अस्सल आहे.

आता परवानगीचं बघू. चाकं असली की बांधकामाचा प्रश्न बराचसा टळतो, हे खरं. पण 1966 चा जमीन महसूल कायदा वापरही बघतो. शेतजमिनीचा बिगरशेती वापर विनापरवाना केला तर कलम 45 खाली दंड आहे. शेती चालू आहे आणि तुम्ही अधूनमधून येऊन मुक्काम करता, यात कुणी फारसं लक्ष घालत नाही. तीन वर्षं सलग, बाहेर वाळत घातलेल्या कपड्यांसह, हा वापर वेगळा दिसतो आणि गावात तो दिसतोच. राज्याचं 2021 चं कॅराव्हॅन धोरण आहे, पण ते पर्यटनासाठी आहे, त्याच्या आधारावर स्वतःच्या शेतात संसार थाटता येईल असं समजू नका.

त्याआधी एक काम करा. गाव नकाशा काढून तुमचा गट गावठाणाच्या हद्दीपासून किती लांब आहे ते मोजा. 200 मीटरच्या आत असेल तर, शुल्क भरून, निवासी वापर मान्य होऊ शकतो. तसं निघालं तर रीतसर परवानगी घेऊन एक खोली-स्वयंपाकघर बांधता येईल आणि या गाडीची गरजच उरणार नाही. यजमानांना हे आवडणार नाही. त्यांना घरापेक्षा गाडीच हवी आहे, असं मला पत्र वाचताना वाटलं. तसं असेल तर त्यात गैर काही नाही, फक्त मग तिला भाड्याच्या हिशेबात बसवू नका. हौस म्हणून वेगळा खर्च धरा.

सातबारा काढलात की "इतर हक्क" हा रकाना भिंग घेऊन वाचा. ठाणे-रायगडात "खाजगी वने" असा शेरा असलेल्या जमिनी पुष्कळ आहेत, 1975 च्या कायद्याने आलेल्या. तो शेरा असेल तर जेसीबीचा विचारही करू नका. भोगवटादार वर्ग 2 (म्हणजे सरकारच्या परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) असेल तर तेही आधी समजून घ्यावं लागेल. झाडांचंही तसंच : साग, खैर, ऐन, मोह, आंबा, जांभूळ ही झाडं स्वतःच्या जमिनीतली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. जेसीबीवाला विचारत बसत नाही. त्याच्या लेखी ते झाड मध्ये आलेलं असतं.

तुमच्या पत्रातली सगळ्यात नाजूक गोष्ट मात्र दादा. तुम्ही लिहिलंय, "माझे 22 गुंठे मागच्या बाजूला आहेत." कागदावर तसं आहे का? सातबाऱ्यावर तिघांची नावं सामाईक असतील आणि वाटणी तोंडी असेल, तर 66 गुंठ्यांच्या कणाकणात तिघांचा हक्क आहे आणि "माझा तुकडा" असं काही नाही. त्यासाठी संमतीने तहसीलदारांकडे कलम 85 खाली वाटप, मग भूमी अभिलेखची मोजणी, मग स्वतंत्र पोटहिस्सा. जिरायतीचं प्रमाणभूत क्षेत्र (ज्याहून लहान तुकडा पाडता येत नाही ते) 20 गुंठे आहे, तुमचे 22 त्यात जेमतेम बसतात, म्हणून मोजणीत दोन-तीन गुंठे इकडेतिकडे होणं तुम्हाला परवडणारं नाही.

आणि दादाच्या जागी उभं राहून बघा. वडील गेल्यावर शेत त्याने कसलं. बहीण सणावारी यायची, तांदळाचं पोतं घेऊन जायची. आता ती येते ती जेसीबीची भाषा करत. तुम्ही रस्ता मागताय, त्याला वाटणी ऐकू येतेय. (हे चुकीचं ऐकणंही नाही. वाटणी तुमचा हक्क आहे, तो मागताना अपराधी वाटून घेऊ नका. पण एका वाक्यात दोन मागण्या करू नका.)

रस्त्याचा हिशेब त्याच्यासमोर मांडा. तुमच्या लिहिण्यावरून खाचराची लांबी साधारण दोनशे फूट दिसते. बांध चार फुटांचा असेल तर बारा फूट रस्त्याला आणखी आठ फूट लागतील. दोनशे गुणिले आठ म्हणजे 1600 चौरस फूट, दीड गुंठ्याच्या आत. एवढी भाताची जमीन त्याची जाते. त्या बदल्यात त्याचा ट्रॅक्टर, मळणी यंत्र, भाताची पोती भरलेला टेम्पो थेट आतपर्यंत येतो. वर तुमच्या वाट्यातला खालचा, भात होईल असा पट्टा त्यालाच करू द्या. शेती चालू राहते, आणि सातबाऱ्यावर पीक दिसणं तुमच्याच फायद्याचं आहे. ठरलं की लिहून घ्या, नोंदणी करा, आणि रस्त्याची नोंद इतर हक्कात चढवून घ्या. 2025 मध्ये शासनाने शेतरस्ता किमान तीन ते चार मीटर रुंद असावा आणि सातबाऱ्यावर नोंदवावा असं ठरवलंय, त्याचा आधार घेता येईल. दादा नाहीच म्हणाला तर बांधावरून रस्ता मिळण्यासाठी कलम 143 खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. तो कागद घरात ठेवा, पहिल्या भेटीत पिशवीतसुद्धा नेऊ नका.

दोनशे फूट लांब, बारा फूट रुंद, नऊ इंच जाड थर म्हणजे 1800 घनफूट, अर्थात 18 ब्रास मुरूम. रोलर फिरला की तो दबतो, म्हणून बावीस-तेवीस ब्रास धरा. जिथे ओलसर आहे तिथे आधी डबराचं सोलिंग, म्हणजे मोठ्या दगडांचा थर. गाडी उभी करायला तीस बाय पंधरा फुटांचा, आजूबाजूपेक्षा फूटभर उंच ओटा, म्हणजे आणखी साडेचार ब्रास, दबाई वेगळी. मुरूम घेताना रॉयल्टीची पावती मागा. बिनपावतीची गाडी तहसीलच्या पथकाने धरली तर ती तुमच्या शेताच्या वाटेवरच धरली जाते आणि गावात नाव तुमचं होतं. आणि रस्ता भरण्याआधी पाणी सध्या कुठून जातं ते बघा. तिथे रस्त्याखालून ह्यूम पाइपची (सिमेंटच्या मोठ्या नळाची) मोरी टाकायची. तुम्ही भर घालून वाट अडवलीत तर दादाच्या खाचरात एक तर पाणी तुंबेल नाहीतर येणारच नाही, आणि मग वरची सगळी समजूत वाया. ओट्याच्या वरच्या अंगाला इंग्रजी यू-सारखा चर खणा, शंभर फुटांना दोन फूट उतार देऊन.

मागे डोंगर असेल तर मात्र जरा थांबा. 2023 च्या जुलैत इर्शाळवाडीवर दरड कोसळली ते तुम्ही विसरला नसाल. उताराला नव्या भेगा, कललेली झाडं, पावसात अचानक फुटणारे गढूळ झरे यांतलं काहीही दिसलं, तर पावसाळ्यात तिथे एकही रात्र काढू नका.

पाण्याची गोष्ट जुलैत सोपी वाटते. गाडीच्या बारा चौरस मीटर टपावर अडीच मीटर पाऊस पडला तर तीस हजार लिटर होतात, साठवायला जागा असेल तर. खरी परीक्षा मे महिन्याची. दोघांनी जपून वापरलं तरी दिवसाला शंभर लिटर, हजाराची टाकी दहा दिवस. बोअर मारण्याआधी शेजारच्या विहिरींना आत्ता, एप्रिल-मेमध्ये, किती पाणी आहे ते डोकावून बघा. आपल्या काळ्या कातळात पाणी भेगांमध्ये असतं. शेजारच्याला ऐंशी फुटांवर लागलं म्हणून तुम्हाला लागेलच असं नाही. पाणाड्याला नारळ घेऊन बोलवायचं असेल तर बोलवा, माझी हरकत नाही, पण भूजलतज्ज्ञालाही बोलवा.

शौचालयाबद्दल पत्रात एक अक्षर नाही. पुरुषांच्या हिशेबात ते नेहमीच राहतं, तुमच्याही राहिलं याचं आश्चर्य वाटलं. गाडीतली पेटी वीसेक लिटरची असते, दोघांना तीन दिवस. चौथ्या दिवशी ती कुठे रिकामी करणार? ओढ्यात नाही, खाचराच्या कडेला नाही. वरच्या कोरड्या अंगाला, विहीर-बोअरपासून निदान पन्नास फूट लांब, ग्रामपंचायतीला कळवून दोन शोषखड्ड्यांचं साधं शौचालय बांधा. विटांचं जाळीदार बांधकाम करायचं आणि तळाला सिमेंट घालायचं नाही. एक खड्डा भरला की दुसरा वापरायचा, पहिल्याचं दीड-दोन वर्षांत खत होतं. पेटीत टाकायचं निळं रसायन मात्र त्या खड्ड्यात ओतू नका, खत करणारे जिवाणूच मरतात. आंघोळीच्या, भांड्यांच्या पाण्याला वेगळा, मीटरभर लांब-रुंद-खोल दगडगोट्यांचा खड्डा. नाहीतर ते पाणी ओट्याखाली मुरतं आणि गाडी एका बाजूला कलायला लागते.

विजेचं थोडक्यात. दादाच्या शेतीपंपाच्या जोडणीवरून वायर ओढू नका, तो अनधिकृत वापर ठरतो आणि दंड दादाच्या नावावर येतो. पंखे, दिवे, छोटा फ्रिज, मोबाइल हे दोन सोलर पॅनेलवर भागतं, जुलै-ऑगस्ट सोडून. एसी भागत नाही. 12 व्होल्टच्या 200 अँपिअर-अवर बॅटरीत सुमारे अडीच युनिट असतात, एक टनाचा एसी तासाला एकेक युनिट खातो. म्हणजे रात्री दहाला झोपलात की बाराला अंधार आणि घाम. मुरबाडकडे एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि तुम्ही पत्र्याच्या डब्यात असाल. गाडीवर बांबूचा, शेडनेटचा मांडव लागेलच. भोवती दहा-पंधरा फूट गवत काढून जाळरेषा ठेवा. मार्चनंतर डोंगरावरून वणवा उतरतो तेव्हा तो तुमचा सिलेंडर कुठे ठेवलाय ते बघून येत नाही.

गाडीबद्दल एकच. आरसीवर ती कॅराव्हॅन म्हणून नोंदलेली आहे की कुणी मालवाहू व्हॅन घेऊन आत पलंग ठोकलेत, ते बघा. दुसरं असेल तर मोटार वाहन कायद्याचं कलम 52, गाडीच्या मूळ रचनेत बदल करू न देणारं, आडवं येतं, विम्याचंही काही खरं नाही.

हे सगळं वाचून तुम्ही म्हणाल, नाहीच म्हणा ना सरळ. नाही म्हणत नाही. पण "तीन वर्षं" ही मुदत मला पटत नाही. मुंबईत 36 महिन्यांचा पुनर्विकास 36 महिन्यांतच झालेला तुम्ही किती वेळा पाहिलाय? भाडं मध्येच थांबलं तर तोवर तुमचे 16 लाख चाकांवर असतील आणि दर पावसाला त्यांची किंमत उतरत असेल. भाड्याने राहत असलात तर निदान घर बदलता येतं. शिवाय तीस वर्षांचा संसार, पोटमाळ्यावरची पितळेची भांडी, शिलाई मशीन, फ्रिज, कपाटं हे बारा चौरस मीटरमध्ये येणार नाही, म्हणजे भिवंडीत कुठेतरी गोडाऊनचं भाडं. मुलीचं पीजी वेगळं. दोघांपैकी कुणाला रात्री दोनला छातीत दुखलं तर तो रस्ता, तो चिखल आणि पुढचं हॉस्पिटल. भाड्याच्या रकमेत हे सगळं बसवून बघा, मग गाडीला काय उरतं ते दिसेल.

माझं ऐकाल तर दिवाळीत कल्याण-बदलापूरकडे छोटं घर भाड्याने घ्या. मुलुंडच्या निम्म्यात मिळेल. मुलीला लोकल, तुम्हाला मुरबाडची एसटी. उरलेले पैसे दरमहा जमिनीच्या नावाने बाजूला टाका. रस्ता, ओटा, चर, शौचालय यांत पुढचा उन्हाळा जाईल. मग फेब्रुवारीत आठ दिवस भाड्याची कॅम्पर आणून लावा आणि पुन्हा मे महिन्यात चार दिवस. दोन्ही वेळा तुम्ही दोघं हसत परत आलात तर 16 लाखांचं बोलू. गाडीवाला "दुसरं गिऱ्हाईक आहे" म्हणेल. असू दे.

पण त्याच्याही आधी, याच जुलैत, चांगला आठ दिवस पाऊस लागल्यावर जमीन बघायला जा. गमबूट, पहार आणि चुन्याची पुडी न्या. पाणी कुठे साचलंय, कुठून वाहतंय, पहार कुठे रुतते, कुठे खणकन वाजते, तिथे दगडांवर चुन्याच्या खुणा करा आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा, कारण चुना धुऊन जाणार. यजमानांना न्या, पण पहार दादाच्या हातात द्या. त्या जमिनीत पाय कुठे टाकायचा ते त्याला माहीत आहे. त्या दिवशी रस्त्याचं बोलू नका, वहिनीच्या हातचं जेवून या.

जेसीबी नोव्हेंबरात, दादाचं भात कापून झाल्यावर.